पूलगेटपर्यंतचे गाणे

कोथरूड डेपोहून हडपसरच्या गाडीतळाकडे जाताना आम्ही गेली तीस वर्षे बसमध्ये रॉक संगीत ऐकत आलो आहोत, ही गोष्ट आमच्या विभागात कोणालाही ठाऊक नाही. मराठीच्या अध्यापकाने रॉक ऐकू नये असा विद्यापीठाचा काही नियम नाही. तरीही आम्ही ती लपवली, आणि एकदा तर तिच्यापायी चक्क खोटे बोललो. त्या खोट्याविषयी आम्हांला लिहायचे आहे. पण त्यासाठी वाचकांना आधी आमच्याबरोबर बसमध्ये चढावे लागेल.

१९९४ साली आम्ही नोकरीला लागलो तेव्हा या प्रवासाला तासभर लागे. (तेव्हाची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांची २००७ साली एकत्र मोट बांधून पीएमपीएमएल झाली. बसायला जागा तेव्हाही मिळत नसे, पुढेही मिळाली नाही.) एका मित्राने साठ मिनिटांच्या कॅसेटवर आपल्या आवडीची गाणी उतरवून दिली होती. कॅसेटच्या खोक्यावर गाण्यांची नावे नव्हती, गायकांची नव्हती, फक्त मित्राच्या वळणदार अक्षरात ‘इंग्रजी’ एवढाच शब्द होता. वॉकमनमध्ये ही कॅसेट घालून आम्ही डेपोवर चढत असू. ए बाजू कर्वे रस्ता, डेक्कन, टिळक रस्ता, स्वारगेट असे करत पूलगेटला संपे. तिथे कॅसेट उलटायची. बी बाजू फातिमानगर, वैदुवाडी, मगरपट्टा करत गाडीतळाला पोचवी. आजही काही गाणी आमच्या लेखी कोथरूडची आहेत आणि काही हडपसरची. ती इंग्लंड-अमेरिकेत झाली हे आम्हांला नंतर कळले, आणि कळूनही फारसे पटले नाही.

ए बाजूचे शेवटचे गाणे लेड झेपेलिनचे ‘काश्मीर’ होते. साडेआठ मिनिटांचे हे गाणे मित्राच्या कॅसेटवर पुरते मावले नव्हते. सहाव्या मिनिटाच्या सुमारास फीत संपे आणि खटकन् बटण वर येई. पुढे सीडी विकत घेण्याइतकी ऐपत येईपर्यंत या गाण्याला शेवट आहे हेच आम्हांला माहीत नव्हते. ते पूलगेटच्या अलीकडे तुटते, हाच त्याचा शेवट अशी आमची समजूत होती. खरा शेवट ऐकला तेव्हा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, तो लांबवल्यासारखा वाटला.

या गाण्याचे नाव फसवे आहे. ते लिहिले गेले तेव्हा त्याच्या कर्त्यांनी काश्मीर पाहिलेले नव्हते. १९७३ साली रॉबर्ट प्लँट मोरोक्कोच्या दक्षिणेकडील वाळवंटातून मोटारीने जात होता. संपता न संपणारा एकेरी रस्ता, दोन्ही बाजूंना काही नाही. शब्द त्या रस्त्यावर सुचले. १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’ या संचात ते प्रसिद्ध झाले. पण शब्दांपेक्षा त्याची लय आम्हांला अधिक काळ पुरली. त्यात ढोल चारचार मात्रांनी चालतो आणि गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ तीनतीन मात्रांची असते. दोघे आपापल्या वाटेने चालत राहतात आणि बारा मात्रांनी एका ठिकाणी भेटतात. आमचे कान समेची वाट पाहण्यात वाढलेले. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात पथारीवर बसून लयकारी ऐकताना सम आली की मान हलते, तशीच ती स्वारगेटच्या सिग्नलला उभ्या बसमध्ये हलत असे. शेजारचा प्रवासी आम्हांला झोपेत डुलक्या येत आहेत असे समजून खिडकीकडे सरके.

प्लँट आणि त्याचा सहकारी जिमी पेज हे दोघे १९७२ साली मुंबईत आले होते आणि तेथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी मुद्रित केली होती. ती मुद्रणे अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले. म्हणजे ज्या काळात आमची आई गहू निवडत रेडिओवर नाट्यगीते ऐकत होती, त्याच काळात हे संगीत एकशेसाठ किलोमीटरांवर येऊन गेले होते. आणखी जवळचे उदाहरण हवे तर फारोख बुलसाराचे आहे. झांजीबारला जन्मलेला हा पारशी मुलगा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे पियानो शिकला आणि मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढून शाळेत गाऊ लागला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले. पाचगणी पुण्याहून शंभरेक किलोमीटर. ‘रॉक आपले नाही’ हे वाक्य आम्ही स्वतः अनेकदा उच्चारले आहे. ते उच्चारताना यांपैकी काही आठवू नये याची आम्ही काळजी घेत होतो, असे आता वाटते.

बी बाजूचे पहिले गाणे डीप पर्पलचे ‘हायवे स्टार’. त्याच्या जन्माची हकिगत पुष्कळदा सांगितली गेली आहे. १९७१ च्या सप्टेंबरात हा वाद्यवृंद पोर्टस्मथच्या कार्यक्रमासाठी बसने निघाला होता. बरोबर पत्रकार होते. त्यांतल्या एकाने ‘तुम्ही गाणी कशी रचता?’ असे विचारले, तेव्हा रिची ब्लॅकमोरने गिटार उचलून एकच सूर छेडायला सुरुवात केली, इयन गिलनने त्यावर सुचतील ते शब्द टाकले, आणि त्याच रात्री ते गाणे रंगमंचावर वाजले. १९७२ च्या ‘मशीन हेड’चे ते पहिले गाणे. त्याचे शब्द कागदावर उतरवून वर्गात वाचले तर हसू येईल. एका माणसाला आपली मोटार, आपली मैत्रीण आणि आपला वेग फार आवडतो, यापलीकडे त्यात आशय नाही. परंतु ते बसमध्ये रचले गेले आहे आणि बसमध्ये ऐकल्याशिवाय त्याचे काय करायचे ते कळत नाही. फातिमानगरच्या पुढे रस्ता जरा मोकळा होई, ड्रायव्हर गिअर बदली, आणि त्या निरर्थक शब्दांना अर्थ येई. वैदुवाडीला तो पुन्हा जाई.

इथे बसविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती या ऐकण्यातली तटस्थ जागा नव्हे. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती गाण्यातले खालच्या पट्टीतले सूर गिळून टाकते. त्यामुळे आम्ही कित्येक वर्षे रॉक संगीत बेस गिटारशिवायच ऐकले. हळुवार सुरू होऊन शेवटी चढणारी गाणी बसमध्ये टिकत नाहीत. ‘स्टेअरवे टु हेवन’ची पहिली चार-पाच मिनिटे कंडक्टरच्या पंचच्या टकटकीत आणि ‘पुढे सरका’च्या गजरात नाहीशी होतात, आणि उरतो तो केवळ शेवटचा आक्रोश. पिंक फ्लॉइडच्या ‘टाइम’चे मात्र उलट. त्याच्या आरंभी अनेक घड्याळे एकदम ठणाणतात. शब्द सुरू व्हायला त्यानंतरही दोनेक मिनिटे जातात. हे गाणे आम्हांला नेहमी मगरपट्ट्याच्या चौकात गाठी. मस्टरवर सही करायची वेळ उलटत आलेली असे, बस हलत नसे, आणि कानात घड्याळे. आयुष्य सुरू होण्याची वाट पाहता पाहता ते निघून गेले, असे सांगणारे ते गाणे लिहिणारा रॉजर वॉटर्स तेव्हा तिशीच्या आत होता. आम्ही ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा साधारण त्याच वयाचे होतो. आता निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे आणि चौक तोच आहे.

(वनाझहून निघणारी मेट्रो २०२२ पासून सुरू झाली. आम्ही तिनेही जाऊन पाहिले. डबा गार, स्वच्छ आणि शांत. गाण्यातला प्रत्येक सूर ऐकू येतो. तरीही तिथे हे संगीत उपरे वाटते. अशी जागा शांतपणे वाचण्यासाठी आहे, आणि आम्ही आता तिथे उत्तरपत्रिका तपासतो.)

घरी आम्ही हे कधी लावले नाही. आमचे घर ‘गीतरामायणा’चे. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमांची छप्पन्न गीते सुधीर फडक्यांच्या स्वरांत बांधलेली प्रसारित झाली, तेव्हा आमची आजी आळीतल्या रेडिओवाल्या घरी ती ऐकायला जात असे. त्या घरात रेडिओसमोर उदबत्ती लावत. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला गाणे म्हणजे आधी शब्द, हे शिकवावे लागत नाही. भावगीताने आमचे कान तसेच घडवले: उच्चार स्वच्छ हवा, अर्थ चालीत बुडता कामा नये, गायकाने कवीच्या एक पाऊल मागे राहावे. या कानांना रॉक ऐकवले की ते पहिल्याच मिनिटाला विचारतात, तो काय म्हणतो आहे? आणि बहुतेक वेळा उत्तर सापडत नाही. कित्येक लाडक्या गाण्यांचे शब्द आम्ही वीस-वीस वर्षे चुकीचे ऐकले. एका ओळीत एका नदीचे नाव आहे अशी आमची खात्री होती. तिथे नदी नव्हती, साधे क्रियापद होते. अर्थ न कळता गाणे आवडते म्हणजे नेमके काय आवडते, हा प्रश्न समीक्षेचा आहे आणि तो आम्ही वर्गात एकदाही विचारला नाही. ठेक्याचेही तेच. रॉकचा ढोल दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देतो. आमचा हात पहिल्या मात्रेवर मांडीवर पडतो. आम्ही वर्षानुवर्षे या संगीताला चुकीच्या जागी दाद देत होतो.

आता तो खोटेपणाचा प्रसंग.

२००९ च्या सुमारास एम.ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी आमच्याच बसने येत असे. एकदा उभ्याने जाताना तिने विचारले, “सर, काय ऐकताय?” कानात त्या वेळी ‘काश्मीर’ चालू होते. आम्ही इअरफोन काढून खिशात घातला आणि म्हणालो, “काही नाही गं, एक व्याख्यान आहे.” तिने आदराने मान हलवली. कोणाचे, असे तिने विचारले नाही. विचारले असते तर आम्ही एखाद्या दिवंगत समीक्षकाचे नाव घेतले असते.

दोन महिन्यांनी प्रकल्पाचे विषय ठरवताना तीच मुलगी एक वही घेऊन आली. बसमधल्या प्रवाशांच्या मोबाइलमध्ये कोणती गाणी आहेत, ती कुठून आली, कोणत्या टप्प्यात कोणते लावले जाते, याच्या नोंदी तिने केल्या होत्या. तेव्हा दहावीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. त्यांपैकी दोघांशी ती बोलून आली होती. वहीत शिंद्यांची भीमगीते होती, लावण्या होत्या, हिंदी होते, आणि एका पानावर चक्क इंग्रजी वाद्यवृंदांची नावे. तिला ‘प्रवासातले गाणे’ असा विषय हवा होता. आम्ही वही चाळली, मिटली आणि म्हणालो, “हे समाजशास्त्रात जाईल. या गाण्यांचे शब्द कागदावर टिकत नाहीत. आपण साहित्याचे लोक आहोत.” तिने वाद घातला नाही. ग्रामीण कथेवर तिने नीटनेटका प्रकल्प केला, गुण चांगले मिळाले. ती वही तिने पुन्हा आणली नाही.

शब्द कागदावर टिकत नाहीत, हा निकष आम्हांला कुठे मिळाला? आम्ही ज्या रस्त्याने रोज जातो त्याच रस्त्याने आषाढीच्या आधी पालख्या जातात. तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या आणि ज्ञानोबांची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात मुक्काम करून पहाटे निघतात, पूलगेटवरून हडपसरला येतात आणि तिथे त्यांच्या वाटा फुटतात: एक लोणी काळभोरकडे, दुसरी दिवे घाट चढून सासवडला. त्या दिवशी बस बंद असते. एका वर्षी आम्ही सवयीने कानात इअरफोन घालून घरून निघालो आणि पूलगेटपाशी दिंडीत अडकलो. टाळांचा आवाज इअरफोन अडवू शकत नाही. थोडा वेळ दोन्ही एकदम ऐकू येत होते आणि मग एकच ऐकू येऊ लागले. वीणेकरी, मृदंग, पावलांचा वेग भजनाने ठरलेला. दिंडीच्या भजनाला दिवसाचा क्रम असतो. पहाटे काकडा आणि भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगुळ ही रूपके, गौळणी, सायंकाळी हरिपाठ. चालण्याच्या कोणत्या प्रहरी काय गायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. तोच अभंग आम्ही वर्गात पंख्याखाली बसून शिकवतो: चरण, यमक, प्रतिमा, भाव. चालणे त्यातून काढून घेतलेले असते आणि काढून घेतल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. अभंगाचे शब्द इतके बळकट आहेत की तो हे सोसतो. ‘हायवे स्टार’ सोसत नाही. पण त्यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष असा, की एक साहित्य आहे आणि दुसरे नाही. सोसतो कोण हे पाहिले. आपण काय काढून घेतले ते पाहिले नाही.

दोहोंना एका पंक्तीत बसवण्याचा आमचा विचार नाही, आणि तशी शंका घेणाऱ्या वारकरी वाचकांची आम्ही आधीच क्षमा मागतो. दिंडीत माणूस गाण्यात इतरांबरोबर असतो. आम्ही बसमध्ये चाळीस माणसांत बसून त्यांच्यापासून सुटका करून घेण्यासाठी कान बंद करतो. विचित्र हे की रॉक मुळात असे एकट्याचे संगीत नाही. ते मैदानांवर, हजारोंच्या गर्दीसाठी घडले. आम्ही ते खिशात घालून एकट्याचे केले, आणि मग ते आपल्या समाजात रुजले नाही अशी तक्रारही केली.

मराठीत ज्यांचे कान याहून मोकळे होते अशांची उणीव नव्हती. मर्ढेकरांनी संतवाङ्मयातला जुना छंद घेतला आणि त्यात मुंबईच्या चाकरमान्याची सकाळ, त्याची वीजगाडी आणि त्याची लाचारी बसवली. रोजच्या प्रवासाचे मराठीतले ते पहिले मोठे काव्य असे आम्ही दरवर्षी शिकवतो. अरुण कोलटकरांचे तर विशेषच. ‘जेजुरी’ची सुरुवात एसटीत होते आणि शेवट रेल्वे स्टेशनवर. पुण्याहून जेजुरीला जाणारी एसटी आजही हडपसरवरून सासवडकडे वळते, म्हणजे आमच्या गाडीतळावरून. याच कोलटकरांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी इंग्रजीत गाणी लिहिली, स्वतः त्यांना चाली दिल्या, ती मुद्रितही केली. तबकडी निघाली नाही. ते पखवाज शिकले होते, भजनांत रमत. तुकोबा आणि जनाबाई त्यांनी इंग्रजीत नेले तेव्हा त्यांच्या तोंडी अमेरिकी रस्त्यावरची बोली दिली, आणि ती त्यांना शोभली. एकाच माणसाच्या कानांत पखवाज आणि गिटार भांडण न करता राहू शकतात याचा हा पुरावा. कोलटकरांवर आम्ही तीन शोधनिबंध वाचले, त्यांपैकी एकातही त्यांच्या गाण्यांचा उल्लेख केला नाही. निबंध ‘काव्या’वर होते ना!

२०१६ साली बॉब डिलनला साहित्याचे नोबेल मिळाले त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. बहुतेकांचे मत पडले की हा साहित्याचा अपमान आहे. कोणी विचारले, “तुमचे काय म्हणणे?” आम्ही म्हणालो, “गीत आणि कविता यांत फरक केलाच पाहिजे.” हे वाक्य बिनचूक होते आणि पूर्ण भ्याडपणाचे. डिलन आम्ही त्या दिवशी सकाळीच टिळक रस्त्यावर ऐकला होता. गीत आणि कविता यांत फरक आहेच. परंतु तो सांगण्याचा हक्क गीत जिथे ऐकले जाते तिथे ते ऐकणाऱ्याला आहे, आणि तसे ऐकल्याचे कबूल करण्याची आमची तयारी नव्हती. आमचे म्हणणे एवढेच, की गाणे कुठे, कशावर, कोणाच्या शेजारी बसून ऐकले जाते हा त्याच्या अर्थाचा भाग आहे. तो वगळून आपण त्याच्याविषयी जे बोलतो ते गाण्याविषयी नसते, त्याच्या छापील नकलेविषयी असते. ओवी जात्यावरून उचलून पुस्तकात आणणाऱ्यांनी निदान ‘जात्यावरची’ हा शब्द तरी शिल्लक ठेवला होता. त्या विद्यार्थिनीच्या वहीत पानोपानी टप्प्यांची नावे होती, डेक्कन, स्वारगेट, पूलगेट, आणि आम्ही ती पसारा समजलो.

यंदा पुन्हा एका विद्यार्थ्याने असाच विषय आणला आहे. त्याला मराठी रॅपवर लिहायचे आहे, आणि बरोबर वही नाही, फोनमध्ये दीडशे गाण्यांची यादी आहे. विभागाची बैठक गुरुवारी आहे. सहकाऱ्यांचे आक्षेप आम्हांला तोंडपाठ आहेत, कारण त्यांतले निम्मे आमचेच आहेत. त्या मुलाला काल बसथांब्यावर गाठले. तो म्हणाला, “सर, तुम्ही हे ऐकलेले नसणार, म्हणून थोडी गाणी पाठवतो.” आम्ही म्हणालो, “पाठव. आणि तू बसमध्ये कुठे चढतोस?” तो गोंधळला. मग म्हणाला, “पूलगेटला.”

आम्ही इअरफोनचे एक टोक त्याच्यापुढे धरले. बस वैदुवाडीला उभी होती, ‘काश्मीर’ सहाव्या मिनिटाला आले होते.